कान्हेरीच्या पाण्याचे दफ्तर

बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरावर, शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे इथे छिन्नी चालू लागली आणि पुढची जवळजवळ हजार वर्षे डोंगरावर भिक्षूंचा राबता राहिला. लेण्यांमधून ओढा वाहतो, पण पावसाळा सरला की त्याची धार आटत जाते. म्हणजे पाऊस चार महिन्यांचा आणि तहान बारा महिन्यांची. एवढ्या माणसांना उरलेले आठ महिने पाणी कसे पुरले, ते साठवण्याचा खर्च कुणी केला आणि साठवलेले पाणी पिढ्यान्‌पिढ्या कुणी राखले, हे प्रश्न इथे आपोआप उभे राहतात.

या प्रश्नांची उत्तरे देणारी बखर किंवा वही उरलेली नाही. उरले आहेत ते भिंतींवरचे लेख, खुद्द कोरलेला खडक आणि गेल्या दोनशे वर्षांत अभ्यासकांनी करून ठेवलेल्या नोंदी. यांतला एकेक पुरावा तुटपुंजा आहे. पण ते शेजारी शेजारी ठेवून वाचले, की एका वस्तीच्या पाण्याचा हिशेब बऱ्यापैकी स्पष्ट होतो.

लेख वाचणारी माणसे

कान्हेरीचे लेख ब्राह्मी लिपीत आहेत आणि त्यांतले जुने लेख बहुतेक प्राकृतात आहेत. ते वाचले गेले तेही टप्प्याटप्प्याने. एडवर्ड वेस्ट हा रेल्वेतला अभियंता. त्याने आणि त्याच्या भावाने इथल्या लेखांच्या नकला उतरवल्या आणि त्या १८६१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८१ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांचे पश्चिम भारतातल्या लेण्यांच्या लेखांवरचे पुस्तक आले. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये लेणीवार वर्णन छापले गेले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी डोंगरावर येऊन लेख पुन्हा तपासले, नव्याने सापडलेल्या लेखांची भर घातली आणि १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला.

या कामाचे मोल मोठे आहे. उघड्यावरचा लेख दर पावसाळ्यात थोडा थोडा झिजतो. एकोणिसाव्या शतकात दिसणारे अक्षर आज दिसेलच असे नाही, त्यामुळे जुनी नक्कल हीच काही ठिकाणी मूळ पुराव्याइतकी महत्त्वाची ठरते.

हे लेख आहेत दानाचे. कोण, कुठला, कुणाचा मुलगा, काय दिले, कशासाठी दिले, एवढ्याच मुद्द्यांवर ते थांबतात. त्यांत पाण्याच्या टाक्याचा उल्लेख वारंवार येतो आणि त्याला ‘पाणियपोढी’ किंवा नुसते ‘पोढी’ म्हटलेले असते. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने असे टाके दिले. चेमूलचा, म्हणजे आजच्या चौलचा, रोहिणिमित्र नावाचा खजिनदार होता. त्याचा मुलगा सुलसदत्त याने दिलेल्या टाक्याचा लेख आहे. प्रव्रज्या घेतलेल्या एका स्त्रीच्या लेखात लेणे आणि टाके ही दोन्ही दाने एकत्र नोंदलेली आहेत. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक ही गावे या लेखांत पुन्हा पुन्हा येतात. समुद्रावरून येणारा माल घाट चढून नाशिककडे जायचा आणि देशावरचा माल बंदरांत उतरायचा, त्या व्यापारात ज्यांच्या हाती चार पैसे आले ती माणसे इथे दाते म्हणून उभी आहेत.

यातून एक गोष्ट नीट दिसते. डोंगरावरची टाकी एखाद्या राजाने एका फर्मानात खोदून घेतलेली नाहीत. ती सुटी सुटी, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या माणसांच्या खर्चाने झाली. आणि टाके कुणाचे दान आहे ते त्याच्या शेजारीच कोरून ठेवण्याची रीत होती.

एका राणीचे नाव आणि एक टाके

या लेखांमध्ये एक लेख वेगळा उठून दिसतो. तो एका टाक्यापाशी कोरलेला आहे. आजूबाजूचे लेख प्राकृतात असताना हा मात्र संस्कृतात आहे आणि तो मधे मधे तुटलेला आहे. जे उरले आहे त्यातून एवढे कळते: वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णीची राणी, ती कार्दमक राजवंशात जन्मलेली, एका महाक्षत्रपाची मुलगी, आणि शतेरक नावाच्या विश्वासू अमात्याने हे पाण्याचे टाके धर्मदान म्हणून दिले. राणीचे नाव गेले आहे. तिच्या वडिलांच्या नावाचे फक्त पहिले अक्षर राहिले आहे: ‘रु’.

एका अक्षरावरून माणूस ओळखायचा तर बाहेरचा पुरावा हवा. तो गुजरातेत जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी आहे. तिथल्या खडकावर पश्चिम क्षत्रप रुद्रदामनचा लांबलचक संस्कृत लेख आहे. त्यात म्हटले आहे की, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा समोरासमोरच्या युद्धात हरवले, पण जवळचा संबंध असल्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही. संबंध कोणता, हे तिथे सांगितलेले नाही. कान्हेरीच्या लेखात महाक्षत्रपाची मुलगी सातकर्णीच्या, म्हणजे सातवाहनांच्या, घरात सून म्हणून आलेली दिसते, आणि त्या महाक्षत्रपाचे नाव ‘रु’ने सुरू होते. दोन्ही लेख एकमेकांशेजारी ठेवले की हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामन आणि जवळचा संबंध म्हणजे हा विवाह, असा निष्कर्ष बहुतेक अभ्यासकांनी काढला आहे. हा तर्क आहे, पण दोन्ही बाजूंनी आधार असलेला तर्क आहे. इथे संस्कृत का, याचेही उत्तर त्यातून मिळते: राणीच्या माहेरच्या दरबारात शिलालेखासाठी संस्कृत वापरले जात होते.

जुनागढचा तो लेखही मुळात पाण्याबद्दल आहे. सुदर्शन नावाचा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने बांधवला आणि अशोकाच्या काळात तुषास्फ या अधिकाऱ्याने त्याला पाट काढले, असा त्याचा पूर्वेतिहास रुद्रदामनच्या लेखात दिलेला आहे. वर्ष ७२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, मार्गशीर्षात प्रचंड वादळी पाऊस झाला आणि बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तेवढेच रुंद आणि ७५ हात खोल पडले. एवढे मोठे काम होणार नाही म्हणून मंत्र्यांनी अंग काढून घेतले. शेवटी सुविशाख नावाच्या अमात्याने ते तडीस नेले, आणि लोकांवर जादा कर किंवा वेठ न लादता राजाच्या खजिन्यातून खर्च केला, असे लेख सांगतो.

बाप आणि मुलगी अशा नात्याने जोडलेल्या या दोन लेखांत पाण्याचे दोन वेगळे मार्ग दिसतात. गिरनारला एकच अवाढव्य तलाव, त्यावर सबंध प्रदेश अवलंबून, आणि तो फुटला की राज्याच्या तिजोरीशिवाय इलाज नाही. कान्हेरीला छोटी छोटी टाकी, प्रत्येकाचा दाता निराळा, एक निकामी झाले तरी शेजारचे भरलेले. इथे राणीच्या अमात्याचे दानही सोनाराच्या दानासारखेच एका टाक्याएवढे आहे.

खडकाची साक्ष

शिलालेख टाके दिल्याचे सांगतात, ते भरत कसे होते हे सांगत नाहीत. ते खडक सांगतो. कान्हेरीचा डोंगर ज्वालामुखीच्या उद्रेकातून साचलेल्या खडकाचा आहे. राख आणि दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन तो बनला. भूशास्त्रज्ञ त्याला ज्वालामुखी ब्रेशिया म्हणतात. सह्याद्रीतल्या सलग काळ्या बेसॉल्टपेक्षा त्याची घडण वेगळी आहे.

डोंगराच्या माथ्यावर आणि उतारांवर उथळ पन्हळी कोरलेल्या दिसतात. उतारावर पडलेला पाऊस त्या गोळा करतात, लेण्याच्या दर्शनी भागावरून बाजूला वळवतात आणि अंगणाच्या कडेच्या टाक्यात सोडतात. एकाच कोरीव रेषेने दोन कामे होतात: लेण्यात पाणी झिरपत नाही आणि टाके भरते. टाक्याचे तोंड लहान असते आणि पोट खडकाच्या आत शिरलेले असते. पाण्यावर ऊन पडत नाही म्हणून बाष्पीभवन कमी होते, आणि उजेड पोचत नाही म्हणून शेवाळ फारसे धरत नाही. गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळ राहते. त्यावर बौद्ध भिक्षूंच्या मोजक्या वस्तूंपैकी एक म्हणजे पाणी गाळायचे फडके. पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून ते विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, सांगितलेले आहे. गाळून पिण्याच्या या शिस्तीचा फायदा आरोग्यालाही होत असणार.

हे सगळे पुरत होते का, याचा साधा हिशेब करता येतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या काळात सरासरीने सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. प्राचीन काळी पाऊस नेमका एवढाच होता असे म्हणता येत नाही, पण मोजमापाला हा आकडा चालेल. १० चौरस मीटर खडकाळ उतारावर २,३०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २३,००० लिटर पाणी. त्यातले निम्मे वाहून गेले किंवा मुरले असे धरले तरी ११,५०० लिटर हाती लागते. एका भिक्षूला पिण्याला आणि धुण्याला दिवसाला २० लिटर धरले, तर कोरड्या २४० दिवसांना ४,८०० लिटर पुरेत. म्हणजे एका लहान खोलीएवढा उतार दोन माणसांची आठ महिन्यांची गरज भागवतो, आणि एका माणसाच्या साठ्याला दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व सव्वा मीटर खोल टाके पुरे होते. पाऊस इथे कधीच कमी नव्हता. कौशल्य लागत होते ते त्याला धरून ठेवण्यात.

टाक्यांखेरीज ओढ्याच्या वरच्या अंगाला एका मोठ्या दगडी बांधाचे अवशेषही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत त्याची नोंद आहे. लेण्यांपुरती टाकी आणि साऱ्या वस्तीपुरता बांध, अशी दुहेरी सोय इथे होती.

याच्या उलटा पुरावाही अलीकडे हाती आला. २०१५ मध्ये सूरज पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उद्यानाच्या जंगलात पाहणी केली तेव्हा कान्हेरीच्या परिसरात आणखी सात लेणी सापडली. ती साधी आहेत आणि त्यांच्यापाशी पाण्याचे टाके नाही. बौद्ध भिक्षूंनी पावसाळ्यात फिरती थांबवून एका जागी राहायचे, त्याला वर्षावास म्हणतात. टाके नसलेले लेणे पावसाळ्यापुरतेच राहण्याजोगे असते. म्हणून ती लेणी वर्षावासाची असावीत आणि कान्हेरीची जलव्यवस्था विकसित होण्याच्या आधीची असू शकतील, असे मत मांडले गेले. टाके खोदले गेले त्या दिवसापासून चार महिन्यांचा निवारा बारा महिन्यांची वस्ती होऊ शकला. कान्हेरीच्या भरभराटीत व्यापाराचा वाटा जितका मोठा, तितकाच या टाक्यांचाही.

मागाठाण्याचे शेत

टाके खोदणे एकदाच होते, पण ते दरवर्षी उपसावे लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात, तडे बुजवावे लागतात. या सततच्या खर्चाची सोय कशी लावली जात असे, हे कळायला दुसऱ्या प्रकारचे लेख मदतीला येतात.

सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या सोळाव्या राज्यवर्षातल्या एका लेखात कल्याणच्या एका उपासकाने लेणे दिल्याची नोंद आहे. त्याबरोबर त्याने २०० कार्षापणांची अक्षयनीवी संघाकडे ठेवली आणि मंगलठाण गावातले शेत दिले. अक्षयनीवी म्हणजे कायमठेव: मुद्दलाला हात लावायचा नाही, येईल त्या उत्पन्नावर काम चालवायचे. या ठेवीचा हेतू भिक्षूंची वस्त्रे हा होता. मंगलठाण म्हणजे आजचे बोरीवली पूर्वेचे मागाठाणे. जिथे आज बेस्टचे आगार आणि मेट्रोचे स्थानक आहे, त्या गावातली शेती अठराशे वर्षांपूर्वी कान्हेरीच्या कायमच्या खर्चाला लावून दिलेली होती.

ते उत्पन्न पाण्यावर खर्च व्हावे असे लेखात म्हटलेले नाही आणि तसे त्याच्या पदरी बांधूही नये. पण डोंगरावरची सोय एकरकमी दानावर सोडायची नाही, तिच्या मागे उत्पन्न उभे करायचे, ही पद्धत त्यातून पक्की कळते. सात शतकांनंतरही ती टिकून होती. शके ७६५ मध्ये, म्हणजे इसवी सन ८४३ च्या सुमारास, राष्ट्रकूट अमोघवर्षाचा मांडलिक शिलाहार पुल्लशक्ती कोकणावर राज्य करत असतानाच्या लेखात देणगीची वाटणी दिलेली आहे: २० द्रम्म बुद्धाच्या पूजेला, ५ भिक्षूंच्या वस्त्रांना, ३ विहाराच्या डागडुजीला आणि १ पुस्तकांना. डागडुजीचा खर्च पूजेच्या आणि वस्त्रांच्या खर्चाशेजारी स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. टाकी आणि पन्हळी या विहाराचाच भाग होत्या. राजवंश बदलले, भाषा प्राकृताची संस्कृत झाली, नाणे कार्षापणाचे द्रम्म झाले, तरी दुरुस्तीचा पैसा आधी बाजूला काढायची समज कायम राहिली.

दहाव्या-अकराव्या शतकांत मात्र वस्ती ओसरत गेली. ९० क्रमांकाच्या लेण्यात पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. त्या लेखांच्या तारखा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १००९ आणि ऑक्टोबर १०२१ अशा आहेत. पाऊस नुकताच संपलेला, टाकी काठोकाठ भरलेली आणि डोंगर चढायला हवा बरी, असा तो मोसम आहे.

त्याच डोंगरातून मुंबईला पाणी

एकोणिसाव्या शतकात हाच डोंगराळ मुलूख पुन्हा एकदा पाण्यासाठी नकाशावर आला. विहिरी आणि तळ्यांवर जगणाऱ्या मुंबई बेटाला पाणी पुरेना, तेव्हा हेन्री कॉनिबेअरने मिठी नदीवर बांध घालण्याची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये त्या विहार तलावाचे पाणी नळाने शहरात गेले. त्याच्या उत्तरेला, कान्हेरीच्या शेजारच्या खोऱ्यात, १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. दोन्ही तलाव आज राष्ट्रीय उद्यानाच्या हिरवळीत आहेत आणि अजूनही शहराला पाणी देतात.

पण शहर त्यांच्यापलीकडे फार वाढले. विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर आणि तुळशीची ८,०४६. मुंबईला पाणी देणाऱ्या सातही तलावांची मिळून क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. म्हणजे घरच्या डोंगरातले हे दोन तलाव एकूण साठ्याच्या जेमतेम अडीच टक्के. शहर दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी वापरते. त्या हिशेबाने दोन्ही तुडुंब भरले तरी नऊ दिवस पुरतील. बाकीचे पाणी वैतरणा, तानसा आणि भातसा खोऱ्यांतून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येते. तिकडचा पाऊस लांबला की इथे कपात लागते. २०२४ मध्ये ३० मे पासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात होती, ती २९ जुलैला उठली. त्या जून-जुलैत बोरीवलीत पडलेला पाऊस दहिसर आणि पोयसर नद्यांतून खाडीला मिळत होता.

गिरनारच्या तलावाचा आणि कान्हेरीच्या टाक्यांचा फरक इथे कामाला येतो. एवढ्या मोठ्या शहराला मोठी धरणे लागणारच, टाक्यांवर ते जगणार नाही. पण सगळा भार दूरच्या मोजक्या साठ्यांवर टाकला, की एका खोऱ्यातल्या उशिराच्या पावसाची झळ घरोघर पोचते. छोटे साठे त्या झळीला आडवे येतात. मुंबईत ऑक्टोबर २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची सोय सक्तीची झाली आणि २००७ मध्ये भूखंडाची ही मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आणली गेली. म्हणजे पन्हळ आणि टाके कायद्याने परत आले आहे. कान्हेरीच्या तुलनेत अडचण पुढची आहे: इमारतीला दाखला मिळाल्यावर त्या पन्हळी कुणी साफ करायच्या, टाकी कुणी उपसायची आणि त्यासाठी दरसाल किती पैसे बाजूला ठेवायचे.

कान्हेरीच्या दफ्तराचे या बाबतीत तीन स्पष्ट जबाब आहेत. टाक्यामागे कोण उभा आहे ते टाक्यापाशीच सगळ्यांना वाचता येईल असे लिहा. मुद्दल मोडू नका, उत्पन्न लावून द्या. आणि दुरुस्तीची रक्कम हिशेबात वेगळी दाखवा. बोरीवलीतल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हे तिन्ही ठराव एका संध्याकाळी मंजूर होऊ शकतात. गच्चीचे क्षेत्रफळ माहीत असते, पावसाचा आकडा माहीत असतो, गुणाकार शाळकरी मूल करू शकते. सामिदत्त सोनाराने जे एका टाक्यापुरते केले, ते प्रत्येक इमारतीने आपापल्या टाक्यापुरते करायचे आहे, आणि त्याची सुरुवात येत्या पावसाळ्याच्या आधी पन्हळी साफ करण्यापासून करता येईल.